आग नसते तेव्हां

मी कांहीं इतिहासाचा संशोधक नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि सारी हयात गिरगांवांतील एका शाळेंत खालच्या वर्गांना इतिहास-भूगोल शिकविण्यांत गेली. तेव्हां मुंबईच्या अग्निशामक दलाविषयींच्या या भाषणाचा प्रारंभ एखाद्या दप्तरांतील जुन्या कागदानें न करतां माझ्या वर्गांतील एका मुलाच्या प्रश्नानें करतों, याबद्दल आपण मला क्षमा करावी.

१९९१ सालीं मी चौथीच्या मुलांना जवळचें अग्निशामक केंद्र दाखवावयास नेलें होतें. तांबडे बंब, चकचकीत घंटा, आकाशांत चढत जाणारी शिडी, हें सारें पाहून मुलें हरखून गेलीं. तेथील अधिकारी मोठे हौशी गृहस्थ होते. त्यांनीं मुलांना शिरस्त्राणें डोक्यावर घालून पाहूं दिलीं, आणि शेवटीं 'कोणाला कांहीं विचारावयाचें आहे काय?' असें म्हटलें. एरवीं वर्गांत तोंड न उघडणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आग नसते तेव्हां तुम्ही काय करतां?"

सगळे हंसले. मीही हंसलों. अधिकारी मात्र हंसले नाहींत. त्यांनीं मुलांना मागच्या आवारांत नेलें. तेथें एका उंच मनोऱ्यावरून पाण्याचे लांबच लांब होज खालीं सोडून वाळत घातलेले होते. ते म्हणाले, "बाळ, हा होज ओला राहिला तर कुजतो, आणि कुजलेला होज ऐन आगींत फुटतो. म्हणून आम्ही तो वाळवतों. अर्धी आग आम्ही इथेंच विझवतों."

त्या उत्तराचा अर्थ पुरतेपणीं माझ्या ध्यानांत येण्यास बरींच वर्षें लागलीं. अग्निशामक दलाचा इतिहास मोठमोठ्या आगींच्या तारखांनीं लिहितां येतो, व बहुधा तो तसाच लिहिला जातो. पण त्या प्रत्येक तारखेच्या मागें रोजच्या, कंटाळवाण्या, कोणाच्या डोळ्यांत न भरणाऱ्या कामाचे शेंकडों दिवस उभे असतात. आणि जेथें जेथें असें रोजचें काम कोणीं चुकविलें, मग तो नागरिक असो कीं कारभारी असो, तेथें तेथें त्याची किंमत पुष्कळदां दलाच्या माणसांनीं भरली आहे. ही हकीकत मला आज थोडक्यांत सांगावयाची आहे.

मुंबईला पहिला मोठा धडा मिळाला तो १८०३ सालीं. त्या वर्षीं १७ फेब्रुवारीस कोटांत आग लागली. त्या काळीं कोटांतील वस्ती दाट. घरांना लांकडाचे सांगाडे, लांकडी जिने, लांकडी सज्जे. आणि पाणी म्हणाल तर विहिरींतून व तळ्यांतून पोहऱ्यापोहऱ्यानें काढावयाचें. आग पसरत पसरत किल्ल्यांतील दारूगोळ्याच्या कोठाराकडे सरकूं लागली. जोनाथन डंकन हे तेव्हां मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या सरकारास शेवटीं एकच उपाय सुचला, तो म्हणजे तोफा डागून मधलीं घरें पाडणें! आग विझविण्याचें साधन तोफ, हें ऐकून आज आपणांस हंसूं येईल. परंतु जेथें पाणी वेळेवर मिळण्याची सोय नाहीं, शिकविलेलीं माणसें नाहींत, तेथें आगीच्या तोंडचा घांस काढून घेणें एवढाच मार्ग उरतो.

त्या आगीनें कोटाचा मोठा भाग भस्मसात् केला. त्यानंतर एतद्देशीय व्यापाऱ्यांना कोटाबाहेर जागा देण्याचें धोरण सरकारनें धरिलें, आणि डोंगरी, मांडवी, भुलेश्वर या बाजूंना वस्ती भराभर वाढूं लागली. आज ज्या गल्ल्यांतून बंब नेतांना चालकाच्या कौशल्याची परीक्षा होते, त्यांपैकीं पुष्कळ गल्ल्या अशा रीतीनें एका आगीच्याच लेकी आहेत, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

एवढी शिक्षा भोगूनही शहराला स्वतंत्र दल मिळण्यास पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लागला. १८५५ च्या सुमारास घोड्यांनीं ओढावयाचे बंब आले खरे, पण तें काम पोलिसांकडे जोडकाम म्हणून सोंपविलेलें होतें. चोर पकडणारें खातें तेंच, आणि आग विझविणारेंही तेंच. पोलिस शिपाई भित्रा होता असें नव्हे. परंतु आग नुसत्या शौर्याला भीक घालीत नाहीं. तिला सराव लागतो, आणि सराव हा फावल्या वेळांत होत नसतो.

दुसरी अडचण पाण्याची होती. १८६० सालीं विहार तलावाचें पाणी नळानें शहरांत आलें. आपण या घटनेची आठवण पिण्याच्या पाण्यासाठीं ठेवितों. आगीच्या इतिहासांतही तिचें महत्त्व तितकेंच आहे. रस्त्याखालून नळाचें पाणी वाहूं लागलें, तेव्हांच जागोजाग हायड्रंट बसवून त्यांना होज जोडणें शक्य झालें. पुढें १८७९ त तुळशीचें आणि १८९२ त तानशाचें पाणी आलें. बंब कितीही उत्तम असला तरी त्याचें खरें बळ तलावांत असतें, हें आपल्या लक्षांत सहसा येत नाहीं.

१ एप्रिल १८८७ पासून अग्निशमनाचें काम नगरपालिकेनें आपल्याकडे घेतलें. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यानें तें तिचें कर्तव्य ठरविलें, आणि १८९० सालीं लंडनच्या दलांतील डब्ल्यू. निकल्स नांवाच्या अधिकाऱ्याची प्रमुख म्हणून नेमणूक झाली. यांतील मर्म नव्या बंबांत नाहीं. शहर झोंपलेलें असतां कोणीतरी पगार घेऊन जागें राहिलें पाहिजे, ही गोष्ट शहरानें मान्य केली, हें त्यांतील मर्म होय. जोडकामाचें आठ प्रहरांचें काम झालें. त्या काळच्या या रोजच्या कामाचा मोठा भाग घोड्यांच्या सेवेंत जाई. दाणापाणी, खरारा, नालबंदी, सरंजामाची दुरुस्ती. कारण ऐन वेळीं घोडा लंगडला तर बंब लंगडलाच. १९०७ सालीं पहिला मोटारबंब आला आणि १९२० च्या सुमारास घोड्यांना रजा मिळाली. तबेल्याच्या जागीं यंत्रशाळा आली. खराऱ्याच्या जागीं वंगण आलें. काम बदललें, पण रोजचेपण बदललें नाहीं.

यानंतर मी ज्या दिवसाविषयीं बोलणार आहें, तो मुंबईकरांना निराळा सांगावयास नको. १४ एप्रिल १९४४. दुसरें महायुद्ध चाललें होतें. 'फोर्ट स्टिकिन' नांवाचें जहाज विलायतेहून सुमारें चौदाशें टन स्फोटक द्रव्यें घेऊन निघालें. वाटेंत कराचीस त्यावर कापसाच्या सुमारें ८,७०० गांठी, तेलाचीं पिंपें, लांकूड आणि इतर माल चढविण्यांत आला. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजांत. इतकेंच नव्हे, तर जहाजाच्या एकाच कोठारांत दोन्ही भरलेले! १२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया गोदींत लागलें. स्फोटकें असलेल्या जहाजानें तांबडें निशाण लावावें असा संकेत असतो. तें निशाण लावलेलें नव्हतें. हीं सारीं कामें पाहिलीं तर क्षुल्लक, रोजचीं. कोणता माल कोणत्या मालाशेजारीं ठेवावा, निशाण चढवावें कीं नाहीं. युद्धाच्या घाईंत तीं राहून गेलीं.

१४ तारखेस दुपारीं कापसांतून धूर निघूं लागला. वर्दी पोहोंचतांच बंब आले. दलाच्या माणसांनीं जहाजावर चढून कोठारांत होज सोडले आणि शेंकडों टन पाणी आंत ओतलें. जहाजाच्या पोटांत काय आहे हें तोंवर कळून चुकलें होतें. तरीही होज सोडून कोणी पळाला नाहीं. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आंतबाहेर दुसरा. त्या धक्क्याची नोंद दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर झाली. गोदी आणि तिच्या भोंवतालचा प्रदेश पेटला. शेंकडों माणसें मेलीं, हजारों बेघर झालीं. अग्निशामक दलाचीं ६६ माणसें त्या दिवशीं कामावर असतां मरण पावलीं.

त्या जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या, आणि त्या उडून दूरदूर जाऊन पडल्या. वर्गांत हा भाग शिकवितांना माझा एक अनुभव असे. सोन्याच्या विटांची गोष्ट मुलें डोळे विस्फारून ऐकत. सहासष्ट हा आंकडा सांगितला कीं, खालीं मान घालून वहींत लिहून घेत. मुलांना काय दोष द्यावा? आपण थोर माणसेंही याहून निराळें काय करतों? १४ एप्रिलपासून २० एप्रिलपर्यंत देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो, आणि भायखळ्याच्या मुख्य केंद्रांत त्या हुतात्म्यांच्या स्मारकास मानवंदना दिली जाते. आपण ती वर्तमानपत्रांत चित्ररूपानें पाहतों आणि पान उलटतों. त्या सहासष्टांपैकीं एकानेंही कापूस दारूगोळ्याशेजारीं ठेविला नव्हता, एवढें पान उलटण्यापूर्वीं आठवलें तरी पुरे.

पुढें देश स्वतंत्र झाला, आणि १९४८ सालीं दलाचें प्रमुखपद एम्. जी. प्रधान यांच्या रूपानें प्रथमच एका भारतीय अधिकाऱ्याकडे आलें. आतां दलांत स्त्रियाही काम करितात. शहरांत दलाचीं तिसांहून अधिक केंद्रें आहेत. शिड्या उंच झाल्या, यंत्रें सुधारलीं. पण त्या मुलाचा प्रश्न अजून तसाच आहे. आग नसते तेव्हां हीं माणसें काय करतात?

दलाच्या बोलींत आलेल्या बोलावण्यास 'वर्दी' म्हणतात. १०१ या क्रमांकावर दूरध्वनि आला कीं वर्दी झाली. या वर्द्यांची कोणी यादी केली तर तिच्यांत आगीखेरीज कितीतरी गोष्टी सांपडतील. पावसाळ्यांत रस्त्यावर आडवें पडलेलें झाड. रात्रींतून खचलेली जुनी भिंत. दोन मजल्यांच्या मध्येंच थांबलेली लिफ्ट व तींत घाबरलेलें कुटुंब. आंतून कडी लागलेल्या खोलींत एकटें राहिलेलें लहान मूल. रस्त्यावर सांडलेलें तेल, ज्यावरून दुचाकीवाले घसरूं नयेत म्हणून माती पसरावयाची असते. संक्रांतीच्या सुमारास मांजांत पंख अडकून झाडाला लोंबणारा एखादा कावळा किंवा घुबड सोडविण्यासाठींही शिडी लावली जाते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां अग्नीशीं झुंजणारीं हीं माणसें पाण्याशीं झुंजलीं. नांव अग्नीचें, पण वांटा पंचमहाभूतांचा!

आणि वर्दी नसते तेव्हां कवाईत असते. पाळी बदलतांना हजेरी, प्रत्येक गाडीवरील सामान मोजून घेणें, पंप चालवून पाहणें, शिडी उघडून मिटणें, हायड्रंटांची पाहणी, आपल्या टापूंतील कोणत्या बोळांतून गाडी जाते व कोणत्या बोळांत अडते, हें तोंडपाठ ठेवणें. शाळामास्तराला यांत नवल वाटत नाहीं. उजळणी रोज घ्यावी लागते. परीक्षेच्या दिवशीं ती घेतां येत नाहीं.

या रोजच्या कामांपैकीं एक काम मात्र लोकांना मुळींच आवडत नाहीं. तें म्हणजे इमारतींची तपासणी. याविषयीं मला स्वतःचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे.

१९९६ सालची ही हकीकत. आमची चाळ तीन मजली, जिना लांकडी आणि अरुंद. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझें एक कपाट होतें. त्यांत जुनीं पुस्तकें, नकाशे, तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. खोलींत जागा नव्हती, म्हणून तें बाहेर आलें आणि बाहेरचेंच झालें. दिवाळीच्या महिनाभर आधीं केंद्रांतील एक कर्मचारी चाळ पाहावयास आले. जिना चढतां चढतां त्यांनीं कपाटावर हात ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, हें इथून हलवा." मीं म्हटलें, "रविवारीं हलवतों." मनांतून मला त्यांचा रागच आला होता. माझ्या पुस्तकांनीं यांचें काय घोडें मारलें, असें मला वाटलें. त्यानंतर चार रविवार आले आणि गेले.

दिवाळींत एके रात्रीं जिन्याखालच्या मीटरांच्या पेटींत ठिणगी पडली. पाहतां पाहतां जिना धुरानें भरला. कोणीतरी १०१ ला कळविलें. बंब आला तो इतक्या लवकर कीं आम्ही अजून खालीं उतरावें कीं वर थांबावें याचा वाद घालीत होतों. माणसें होज घेऊन वर येऊं लागलीं आणि वळणावर माझ्या कपाटाशीं अडलीं. धुरांत कांहीं दिसत नव्हतें. दोघांनीं खांदे लावून तें कपाट भिंतीशीं दाबलें. त्याची कांच फुटली आणि एकाचा तळहात चांगलाच चिरला. त्यानें खिशांतला रुमाल हाताभोंवतीं गुंडाळला व तसाच तो वर गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना चालवत नसे. त्यांना त्यानें पाठुंगळीस घेऊन खालीं आणलें. त्याच्या हाताचें रक्त आजींच्या पांढऱ्या लुगड्यास लागलें होतें. तें पाहून 'माझ्या आईला लागलें हो!' म्हणून त्यांचा मुलगा ओरडला. लागलें होतें तें दुसऱ्यालाच.

अर्ध्या तासांत सारें शांत झालें. कोणी दगावलें नाहीं. जातांना त्या माणसानें माझ्याकडे पाहिलें, आणि तेव्हां मीं त्याला ओळखलें. महिन्यापूर्वीं आलेला तोच तो. तो रागावला नाहीं. इतकेंच म्हणाला, "मास्तर, रविवार आला नाहीं वाटतं?"

श्रोतेहो, आग नसते तेव्हां तुम्ही काय करतां, हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यानें दलाला विचारला होता. त्या रात्रीं तो मला विचारला गेला, आणि माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

आमच्या चाळीवर त्या रात्रीं देवाची कृपा होती, असें म्हणावयाचें. सर्वांच्याच वाट्यास ती येत नाहीं. ९ मे २०१५ रोजीं काळबादेवींतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. रहिवाशांना बाहेर काढण्यांत आलें. आग विझविण्याचें काम चाललें असतांना इमारत कोसळली. त्या दुर्घटनेंत दलाचे चार अधिकारी गेले. संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर हे ते चार होत. प्रमुखानें कचेरींत बसून हुकूम सोडले असते तरी त्यांना कोणी नांवें ठेविलीं नसतीं. पण या खात्याची रीत तशी नाहीं. येथें वरिष्ठ म्हणजे पुढें असणारा. १९४४ च्या गोदींतील आग आणि २०१५ ची काळबादेवींतील आग यांत एकाहत्तर वर्षांचें अंतर आहे. यंत्रांत जमीनअस्मानाचा फरक आहे. माणसें मात्र त्याच जातीचीं राहिलीं.

आतां कायदाही झाला आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानें इमारतींतील आगीचीं साधनें सुस्थितींत ठेवण्याची जबाबदारी मालकावर व भोगवटादारावर टाकली आहे. तीं चालू आहेत असा दाखला वर्षांतून दोनदां, जानेवारींत आणि जुलैंत, द्यावयाचा असतो. उंच उंच इमारतींच्या आजच्या काळांत याची गरज अधिकच आहे, कारण शिडी कितीही उंच केली तरी ती आपल्या सर्वांत वरच्या मजल्याला पुरेलच असें नाहीं. तेथें इमारतीच्याच टाकींतलें पाणी, इमारतीचाच पंप आणि इमारतीचाच मोकळा जिना उपयोगी पडावयाचा. पण दाखला कागदावर असतो आणि जिना जिन्याच्या जागीं असतो. कागदाच्या आधारानें धुरांतून खालीं उतरतां येत नाहीं.

म्हणून आज मी आपणांकडे कसली वर्गणी मागत नाहीं, कीं सभेला या म्हणून सांगत नाहीं. आज रात्रीं जेवणें झालीं कीं एक काम करा. लिफ्टनें जाऊं नका. घरांतील मुलांना बरोबर घ्या आणि आपल्या दारापासून तळमजल्यापर्यंत जिन्यानें उतरून पाहा. वाटेंत जुनी सायकल दिसेल, कोणाची चपलांची मांडणी दिसेल, कुंड्या दिसतील, कदाचित् एखाद्या मास्तरांचें कपाटही दिसेल. मीटरांच्या पेटीजवळ रद्दीचा गठ्ठा नाहीं ना, आगीच्या नळाच्या पेटींत होज आहे ना, कीं तेथें केरसुणी ठेविली आहे, हें पाहा. मुलें कांहीं विचारतील, त्यांना उत्तर द्या. जें आपलें असेल तें उचला. शेजाऱ्याचें असेल तर त्यांना गोडीनें सांगा.

माझें कपाट त्या दिवाळीनंतरच्या पहिल्याच रविवारीं हललें. त्याची कांच मात्र मीं अजून बसविलेली नाहीं.